हागारचे वाचन : स्त्रीवादी ईश्वरमीमांसेतील भगिनीभाव आणि नकाराचा अधिकार

१

‘भगिनी’ हा शब्द आपल्याकडे घरातून आलेला नाही, व्यासपीठावरून आला. घरात बहीण असते, ताई असते, अक्का असते. सभेत मात्र ‘बंधुभगिनी’ असतात. नात्यातला शब्द नात्याबाहेरच्या माणसाला लावला की जवळीक सूचित होते, पण नात्यातल्या देण्याघेण्याचा जो हिशेब असतो तो बहुधा गळून पडतो. पाश्चात्त्य स्त्रीवादाच्या दुसऱ्या लाटेने ‘सिस्टरहुड’ ही संकल्पना रूढ केली तेव्हा असेच काहीसे झाले. रॉबिन मॉर्गन यांच्या १९७० च्या संकलनाच्या शीर्षकात भगिनीभाव सामर्थ्यशाली होता. १९८४ च्या संकलनात तो जागतिक झाला. पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंतचा प्रवास कोणाच्या खर्चाने झाला, हा प्रश्न त्या शीर्षकांत मावणारा नव्हता.

प्रस्तुत लेखात हा प्रश्न एका मर्यादित क्षेत्रात तपासावयाचा आहे. वेगवेगळ्या देशांतील स्त्रियांनी एकत्र येऊन ईश्वराविषयी आणि धर्मग्रंथांविषयी जो विचार केला, आणि तो करताना सामाजिक न्याय हे ज्याचे प्रयोजन मानले, ते हे क्षेत्र. ‘थिऑलॉजी’साठी मराठीत ईश्वरविद्या, ईश्वरविज्ञान, धर्मशास्त्र असे पर्याय वापरले जातात. त्यांपैकी शेवटचा आपल्या परंपरेत अगदी वेगळ्या अर्थाने रूढ असल्यामुळे निरुपयोगी आहे. मी येथे ‘ईश्वरमीमांसा’ म्हणतो. मीमांसा म्हणजे वाक्यार्थाचा निर्णय. आणि आपल्यापुढील प्रश्न अखेरीस अर्थ कोणी लावायचा हाच आहे. या शब्दालाही एक मर्यादा आहे. १९५६ नंतर बौद्ध झालेल्या महाराष्ट्रातील लक्षावधी स्त्रियांच्या धर्मविचारात ईश्वराला जागा नाही, त्यामुळे ‘ईश्वरमीमांसा’ म्हणताच त्या चर्चेबाहेर राहतात. ही मर्यादा ध्यानात ठेवूनच पुढे जाऊ.

असमान स्थितीतील स्त्रियांच्या सहकार्याला नैतिक आधार कोणता? एक उत्तर साम्याचे आहे : सर्व स्त्रिया पुरुषसत्तेच्या बळी आहेत, म्हणून त्या एक आहेत. दुसरे भेदाचे आहे : प्रत्येकीचे दुःख निराळे, ते परस्परांनी ऐकून घ्यावे. पहिल्या उत्तरावर गेल्या चाळीस वर्षांत पुरेशी टीका झाली आहे. दुसरे उत्तर अधिक सभ्य असले तरी ऐकून घेणारीवर ते कोणतेच बंधन घालत नाही. ज्या बाजूकडे सत्ता कमी आहे तिला समोरच्या बाजूने लावलेला अर्थ नाकारता येतो काय, आणि नाकारल्यानंतर संबंधाचे काय होते, ही मला खरी कसोटी वाटते.

२

या कसोटीला लावण्याजोगे सर्वांत जुने आणि सर्वांत तपशीलवार प्रकरण मराठी वाचकाच्या घरचेच आहे. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या त्या वाँटेज येथील सेंट मेरी द व्हर्जिन या अँग्लिकन भगिनीसंघाच्या आश्रयाला. आश्रय हा शब्द मात्र सावधपणे वापरला पाहिजे. प्रवासाचा खर्च त्यांनी ‘स्त्रीधर्मनीति’ (१८८२) या आपल्या पुस्तकाच्या उत्पन्नातून उभा केला होता. हिंदुस्थानात कामाला जाणाऱ्या भगिनींना रमाबाईंनी मराठी शिकवावे आणि त्या बदल्यात त्यांची राहण्याची व इंग्रजी शिकण्याची सोय व्हावी, असे ठरले होते. म्हणजे प्रारंभी हा व्यवहार होता, आणि दोन्ही बाजूंना काही देण्यासारखे होते. याच १८८२ साली ताराबाई शिंदे यांची ‘स्त्रीपुरुषतुलना’ बुलढाण्याहून लिहून निघाली होती. दोन पुस्तकांपैकी एकाच्या लेखिकेला बोटीचे तिकीट मिळाले आणि दुसरीला लोकांचा रोष, हे जाता जाता नोंदवण्याजोगे आहे.

सप्टेंबर १८८३ मध्ये रमाबाईंनी आणि त्यांची लहान मुलगी मनोरमा हिने बाप्तिस्मा घेतला. सिस्टर जेराल्डिन या दोघींच्या धर्ममाता झाल्या. येथे व्यवहार संपला आणि नाते सुरू झाले. आणि नाते सुरू होताच हिशेबाची भाषाही बदलली. रमाबाई जेराल्डिनना पत्रांतून ‘आजीबाई’ म्हणत. चर्चच्या परिभाषेत ज्या ‘सिस्टर’ आहेत त्यांना मराठी स्त्रीने बहीण न म्हणता आजी म्हणावे, यात माया आहे हे खरेच. परंतु नात्यातील उतरंडीची अचूक जाणही आहे. आजीचे ऐकावयाचे असते. आजीशी वाद घालणे याला आपल्याकडे वाद म्हणत नाहीत, उद्धटपणा म्हणतात. पुढील तीन वर्षांच्या पत्रव्यवहारात रमाबाईंवर वारंवार आलेला आक्षेप हाच आहे. त्यांच्या शंकांचे खंडन कमी होते, त्यांच्या गर्वाबद्दलची खंत अधिक.

वादाचे विषय वरवर पाहता किरकोळ वाटतात. रमाबाई मांस खात नसत, अंडे घातलेले पदार्थही टाळत. हा ब्राह्मण्याचा शिल्लक राहिलेला अहंकार असावा अशी शंका भगिनींना येई. गळ्यात घालावयाच्या क्रुसावर लॅटिन अक्षरे होती. रमाबाईंनी त्याला हरकत घेतली. जी भाषा आपल्याला येत नाही ती केवळ पवित्र म्हणून अंगावर बाळगावी, तर मग संस्कृतनेच काय पाप केले आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. हा युक्तिवाद क्षुल्लक नाही. संस्कृत ज्यांच्या जिभेवर होती आणि त्या भाषेच्या पावित्र्याच्या नावाखाली स्त्रियांना वेदांपासून कसे दूर ठेवले गेले हे ज्यांनी अनुभवले होते, अशा विदुषीने एका पवित्र भाषेच्या जागी दुसरी स्वीकारण्यास दिलेला हा नकार आहे. धर्मांतर म्हणजे पुरोहितवर्ग बदलणे नव्हे, ही गोष्ट त्यांना वाँटेजमध्ये जितकी स्पष्ट दिसत होती तितकी त्यांच्या धर्ममातेला दिसत नव्हती.

पुढे प्रश्न अधिक खोल गेले. त्रैक्याचा सिद्धान्त, ख्रिस्ताचा कुमारीजन्म, न मानणाऱ्यांना शाप देणारी अथानेशियसच्या मतांगीकारातील वाक्ये या सर्वांविषयी रमाबाईंनी शंका उपस्थित केल्या. आपला बाप्तिस्मा ख्रिस्ताच्या सार्वत्रिक मंडळीत झाला आहे, एका देशाच्या चर्चमध्ये नव्हे, अशी त्यांची भूमिका होती. चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात त्या शिकत आणि संस्कृत शिकवत असताना, त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही याबद्दल मुंबई आणि लाहोर येथील बिशपांनी प्रतिकूल मत दिले. ज्या बाईने कलकत्त्यापासून पुण्यापर्यंत पुरुषांच्या सभांपुढे शास्त्रार्थ केला होता तिच्या दृष्टीने हा विनोदच होता. पण रमाबाईंनी तो विनोद म्हणून सोडून दिला नाही. आपल्याला स्वतःचा विवेक आहे आणि तो ईश्वराने दिलेला असल्यामुळे अन्य कोणाच्या हवाली करता येत नाही, असे त्यांनी कळवले. महाविद्यालयाच्या प्राचार्या डोरोथिया बील यांचे वर्तन या काळात जेराल्डिनपेक्षा वेगळे होते. रमाबाईंना शंका विचारू द्याव्या, त्यांच्याशी तत्त्वजिज्ञासूशी बोलावे तसे बोलावे, अशी त्यांची धारणा दिसते. मते मात्र बील यांचीही अँग्लिकनच होती. म्हणजे दोघींमधला फरक श्रद्धेचा नव्हता. एकीला नकार हा संबंधाचा भंग वाटत होता, दुसरीला तो संबंधाचाच भाग वाटत होता.

येथे ऋणाचा प्रश्न येतो. आपल्या परंपरेतील देवऋण, ऋषिऋण, पितृऋण या कल्पनेत ऋणी असतो तो द्विज पुरुष. स्त्री स्वतंत्रपणे ऋणकोही नसते. कांटने १७९७ च्या नीतिविषयक ग्रंथात कृतज्ञता हे पवित्र कर्तव्य मानले आणि ते पूर्णपणे फेडता येत नाही असेही म्हटले, कारण उपकार करण्यात पहिले असण्याचा मान उपकारकर्त्याकडून कधीच हिरावून घेता येत नाही. मराठीत ‘उपकाराखाली दबणे’ हा वाक्प्रचार याच अनुभवाचा आहे. जेराल्डिन यांची अपेक्षा अशी होती की हे न फिटणारे ऋण श्रद्धेच्या नाण्यात फेडले जावे. रमाबाईंनी ऋण नाकारले नाही, नाणे नाकारले. त्यांच्या पत्रांतील माया खोटी नाही आणि त्यांचा नकारही खोटा नाही. या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात हे मान्य करणे त्यांच्या उपकारकर्त्यांना जड गेले, आणि पुष्कळदा त्यांच्या चरित्रकारांनाही जड गेलेले आहे : काहींनी त्यांना साम्राज्याच्या हातातील बाहुली ठरवले, काहींनी आज्ञाधारक संत.

एक गोष्ट मात्र जेराल्डिन यांच्या खात्यावर मांडली पाहिजे. ही पत्रे आज आपल्यापुढे आहेत ती त्यांनी जपून संकलित केली म्हणून. १९७७ मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने ती प्रसिद्ध केली. आपल्या विरुद्ध बाजूची साक्ष इतक्या निष्ठेने सांभाळणारी व्यक्ती केवळ सत्तेची प्रतिनिधी म्हणून निकालात काढता येत नाही.

३

अमेरिकेत रमाबाई आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानाला १८८६ मध्ये गेल्या आणि तेथे त्यांनी संबंधांची निराळीच घडण केली. डिसेंबर १८८७ मध्ये बोस्टन येथे स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षे वार्षिक वर्गणी देण्याचे कबूल केले. संस्थेच्या पदाधिकाऱ्यांत निरनिराळ्या पंथांचे लोक होते आणि नियोजित शाळेत धर्मशिक्षण दिले जाणार नव्हते. मुदत ठरलेली, उद्देश लेखी, आणि देणाऱ्यांच्या श्रद्धेचा प्रश्न कागदाबाहेर. मायेच्या जागी करार आला म्हणून हे सहकार्य उणे ठरते काय? मला तसे वाटत नाही. कराराला मुदत असते, आणि ज्याला मुदत असते ते ऋण माणसाला दबवत नाही. अर्थात हा करार मुंबईत ११ मार्च १८८९ रोजी उघडलेल्या शारदा सदनाला १८९३ च्या वादळातून वाचवू शकला नाही. सदनातील मुलींवर ख्रिस्ती प्रभाव पडतो या कारणावरून रानडे, भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनी अंग काढून घेतले. नकाराचा अधिकार देणारीविरुद्धच हवा असतो असे नाही, स्वकीयांविरुद्धही तो लागतो.

रमाबाईंच्या कार्यातून निघालेला आणखी एक धागा क्वचितच कोणी उलगडून पाहिला आहे. केडगावच्या मुक्ति मिशनमध्ये १९०५ मध्ये झालेल्या धर्मजागृतीविषयी तेथील सहकारी मिनी अब्राम्स यांनी लिहिलेली पुस्तिका चिलीतील वालपराइसो येथे त्यांच्या जुन्या सहाध्यायी मे हूवर यांच्याकडे पोहोचली. तेथील मेथॉडिस्ट मंडळीत १९०९ मध्ये जी उलथापालथ झाली, तिच्यातून चिलीचा पेन्टेकोस्टल पंथ उभा राहिला. पुणे जिल्ह्यातील विधवांच्या प्रार्थनेचा परिणाम दक्षिण अमेरिकेत झाला आणि त्यासाठी लंडनची अनुमती लागली नाही. या प्रार्थनेला आजच्या अर्थाने स्त्रीवादी म्हणणे धाडसाचे होईल. परंतु विचार युरोपातूनच निघतो आणि इतरत्र फक्त पोहोचतो, हा समज सोडण्यास हे एक उदाहरण पुरे आहे.

४

पुढच्या शतकात हे एकाकीपण संघटित झाले. तिसऱ्या जगातील ईश्वरमीमांसकांची ‘ईट्वॉट’ ही संघटना १९७६ मध्ये दार-एस-सलाम येथे स्थापन झाली. गरिबांच्या बाजूने ईश्वराचा विचार करावयाचा हा तिचा संकल्प होता. पण गरिबांमध्ये निम्म्या स्त्रिया असतात याचे भान संस्थापकांना बेताचेच होते. १९८१ च्या नवी दिल्ली परिषदेत हा अंतर्विरोध उघड झाला. घानाच्या मर्सी अंबा ओडुयोये यांनी या अनुभवाला नेमके रूप दिले : तिसऱ्या जगाच्या उद्रेकाच्या पोटात स्त्रियांचा उद्रेक झाला आहे, असे त्या म्हणाल्या. १९८३ मध्ये जिनिव्हात स्त्रियांचा स्वतंत्र आयोग झाला.

या आयोगाने जी कार्यपद्धती ठरवली तिच्यात मला खरा नैतिक विचार दिसतो. प्रथम प्रत्येक देशातील स्त्रियांनी आपसांत बोलावयाचे. मग खंडपातळीवर, त्यानुसार १९८५ मध्ये ब्युएनॉस आयरिस आणि मनिला येथे बैठका झाल्या. त्यानंतर तिन्ही खंडांनी एकत्र, ही परिषद डिसेंबर १९८६ मध्ये मेक्सिकोतील ओआक्सतेपेक येथे भरली. आणि या सगळ्याच्या अखेरीस पहिल्या जगातील स्त्रियांशी संवाद, जो डिसेंबर १९९४ मध्ये कोस्टारिकात झाला. म्हणजे श्रीमंत देशांतील भगिनींशी बोलावयास बसण्यापूर्वी अकरा वर्षे गेली. हा विलंब संघटनेच्या शिथिलतेचा नव्हता. दुसऱ्याच्या भाषेत स्वतःचे दुःख सांगण्याआधी ते आपल्या भाषेत सांगून झालेले असावे, नाहीतर ऐकणाऱ्याला जे ऐकावेसे वाटते तेच आपण सांगू लागतो. रमाबाई वाँटेजला एकट्या होत्या. त्यांना आपला नकार कोणापुढे आधी बोलून पाहण्याची सोय नव्हती. आफ्रिकेतील स्त्रियांनी ओडुयोये यांच्या पुढाकाराने १९८९ मध्ये अक्रा येथे आपले मंडळ स्थापन केले तेही याच जाणिवेतून.

निधी मात्र बहुतांशी उत्तरेकडील चर्चसंस्थांकडूनच येत राहिला, हे विसरता येत नाही.

५

आता या चळवळीतील वाचनाकडे वळतो, कारण साहित्याच्या अभ्यासकाला ती तेथेच सर्वाधिक काही देते. उत्पत्तीच्या सोळाव्या आणि एकविसाव्या अध्यायांतील हागारची कथा सर्वज्ञात आहे. साराय निपुत्रिक, ती आपली मिसरी दासी हागार पतीला देते. हागार गर्भवती होते, मालकिणीकडे तुच्छतेने पाहू लागते, मालकीण तिला छळते, ती अरण्यात पळते. झऱ्यापाशी देवदूत तिला परत जाऊन मालकिणीच्या हाताखाली राहण्यास सांगतो. हागार त्या ईश्वराला ‘पाहणारा देव’ असे नाव देते. बायबलमध्ये ईश्वराला नाव ठेवणारी ती एकटीच. पुढे साराला मुलगा झाल्यावर दासी आणि तिचा मुलगा यांना भाकर आणि पाण्याची पखाल देऊन हाकलले जाते.

पाश्चात्त्य स्त्रीवादी वाचनाला प्रारंभी सारा अधिक जवळची होती; आदिमाता म्हणून तिला पुन्हा प्रतिष्ठित करणे हे काम होते. फिलिस ट्रिबल यांनी १९८४ च्या ग्रंथात हागारला केंद्रस्थानी आणले आणि तिच्या कथेला दहशतीची कथा म्हणून वाचले. मेक्सिकोत जन्मलेल्या आणि कोस्टारिकात अध्यापन केलेल्या एल्सा तामेझ यांनी तिला तारणाच्या इतिहासात गुंतागुंत निर्माण करणारी गरीब स्त्री म्हणून पाहिले. रेनिटा वीम्स यांनी १९८८ मध्ये ही कथा दोन स्त्रियांमधली आहे याकडे लक्ष वेधले : गोरी मालकीण आणि काळी गुलाम यांची स्मृती ज्यांच्या घराण्यांत आहे त्यांना ती पुरुषसत्तेची कथा म्हणून सरळ वाचताच येत नाही. डेलोरेस विल्यम्स (१९९३) आणखी पुढे गेल्या. मुक्तीच्या ईश्वरमीमांसेला त्यांनी विचारले की येथे ईश्वर मुक्त कोठे करतो? तो तर परत पाठवतो. हागारला मिळते ती मुक्ती नसते. जगण्याचे साधन मिळते, विहीर दिसते. काळ्या स्त्रियांनी शतकानुशतके ईश्वराकडे बहुधा एवढेच मागितले आहे. क्रांतीची भाषा बोलणाऱ्या पुरुषांना हे उत्तर अपुरे वाटले. मला ते या साऱ्या वाचनपरंपरेतील सर्वांत प्रामाणिक विधान वाटते.

या वाचनांचा आपल्या साहित्यशास्त्राशी संबंध जोडून पाहता येतो. भट्टनायकाचे साधारणीकरण असे सांगते की रसास्वादात पात्राचा भाव विशिष्टातून सुटून सर्वसामान्य होतो आणि म्हणून सहृदय त्यात सहभागी होतो. ‘जागतिक भगिनीभाव’ हे नकळत एक साधारणीकरणच आहे. प्रश्न एवढाच की कोणाचा भाव साधारण होतो? साराचे वंध्यत्वाचे दुःख ‘स्त्रीचे दुःख’ होते. हागारचे दुःख ‘दासीचे दुःख’च राहते. आदिपर्वातील एक प्रसंग येथे आठवावा. व्यासांकडे दुसऱ्यांदा जाण्याची आज्ञा झाली तेव्हा अंबिकेने स्वतःचे अलंकार घालून आपल्या दासीला पाठवले. व्यासांनी तिला दास्यातून मुक्त होशील असा वर दिला आणि तिच्या पोटी विदुर जन्मला. अंबिकेची घृणा आणि भीती यांवर आपल्याकडे सहानुभूतीने लिहिले गेले आहे. विदुराच्या आईला महाभारत नावही देत नाही. तिच्या मुलाला शहाणपण मिळाले, राज्य नाही.

मेरी डेली यांच्या १९७८ च्या ग्रंथावर ऑड्री लॉर्ड यांनी १९७९ मध्ये जे अनावृत पत्र लिहिले त्यातला आक्षेप याच स्वरूपाचा आहे. देवी युरोपच्या, आणि आफ्रिकेच्या स्त्रिया मात्र केवळ बळी म्हणून. ही निवड कोणी केली? डेलींनी उत्तर दिलेच नाही असे दीर्घकाळ मानले जाई. पुढे लॉर्ड यांच्याच कागदपत्रांत त्यांचे पत्र सापडले. तेव्हा उत्तर नव्हते असे नाही, परंतु दोघींमध्ये संवादही उभा राहिला नाही. दुसरीचे स्थान फक्त दुःखात असेल तर तिला नकार द्यावयाला जागाच उरत नाही, कारण बळीकडे कोणी मत विचारत नाही.

फेब्रुवारी १९९१ मध्ये कॅनबेरा येथे चर्चेसच्या जागतिक परिषदेच्या अधिवेशनात कोरियाच्या चुंग ह्युन क्युंग यांनी आपल्या भाषणापूर्वी अन्यायाने मेलेल्यांच्या आत्म्यांना आवाहन केले. त्या नामावळीत पहिले नाव हागारचे होते. ऑर्थोडॉक्स चर्चच्या प्रतिनिधींनी या आवाहनावर मिश्रधर्माचा आरोप केला. आरोप करणाऱ्यांना त्यातील कोरियन लोकधर्म खटकला. प्रारंभीच एका दासीचे नाव आले आहे, आणि ते बायबलमधूनच आले आहे, याकडे त्या गदारोळात फारसे लक्ष गेले नाही. इस्लामच्या परंपरेत याच हाजरची धावपळ सफा आणि मरवा यांच्यामधील सईच्या रूपाने हजच्या विधीत कायमची जतन झाली आहे. दरवर्षी लक्षावधी स्त्रीपुरुष एका टाकलेल्या दासीच्या पावलांवरून चालतात. ट्रिबल आणि लेटी रसेल यांनी २००६ मध्ये संपादित केलेल्या ग्रंथात पाकिस्तानात जन्मलेल्या रिफ्फत हसन यांचा लेख आहे, आणि ज्यू, ख्रिस्ती व मुस्लिम अशी तिन्ही वाचने एका पुस्तकात आली आहेत. ती एकमेकींना छेदतात. त्यांचा समन्वय साधण्याचा आटापिटा होत नाही हे चांगले.

६

येथवरच्या विवेचनावर एक आक्षेप सरळ घेता येईल, आणि तो घेतलाच पाहिजे. नकाराचा अधिकार हा ज्यांना परिषदेपर्यंत पोहोचता येते त्यांचाच अधिकार आहे. वाँटेजला जी हागार ठरते ती घरी सारा असू शकते. रमाबाईंच्या १८८७ च्या इंग्रजी पुस्तकाच्या शीर्षकातच ‘उच्चवर्णीय’ हे विशेषण आहे, आणि शारदा सदन उच्चवर्णीय विधवांसाठी होते. भारतीय स्त्री म्हणून अमेरिकेत जी उभी राहिली तिच्या मागे कोण उभे नव्हते, हे त्या विशेषणाने सांगून टाकले आहे. निदान ते लपवलेले नाही, एवढा प्रामाणिकपणा त्यात मानावा लागेल. पुढच्या काळातील भारतीय आणि आशियाई स्त्रीवादी ईश्वरमीमांसेने ‘शक्ती’ची संकल्पना ख्रिस्ती पवित्र आत्म्याशी जोडली तेव्हा हा प्रामाणिकपणाही पुष्कळदा सुटला. पाश्चात्त्य श्रोत्यांपुढे ती स्वदेशी साधनसंपत्ती होती. ज्यांना त्या देवीच्या गाभाऱ्यात प्रवेश नव्हता, किंवा ज्यांच्या मुली देवीला सोडल्या जात होत्या, त्यांना ती तशी कशी वाटावी?

दलित स्त्रिया वेगळे बोलतात, असे गोपाळ गुरू यांनी १९९५ मध्ये मांडले. शर्मिला रेगे यांनी १९९८ मध्ये त्यावर लिहिताना भेदाच्या उत्सवापाशी थांबण्यास नकार दिला आणि दलित स्त्रीच्या स्थानावरून साऱ्यांचाच विचार बदलला पाहिजे असे प्रतिपादन केले. रेगे यांचे म्हणणे ईश्वरमीमांसेला लावले तर मागे जावे लागते, थेट १८५५ पर्यंत. त्या वर्षी ‘ज्ञानोदया’च्या दोन अंकांत मुक्ताबाई या मांग समाजातील मुलीचा निबंध छापला गेला. सावित्रीबाई व जोतीराव फुले यांच्या शाळेत ती शिकत होती. ‘ज्ञानोदय’ हे अमेरिकन मराठी मिशनचे पत्र. वेद ब्राह्मणांचे, तर मग आमचा ग्रंथ कोणता आणि आमचा धर्म कोणता, असा प्रश्न तिने ईश्वरालाच केला होता. अमेरिकनांच्या छापखान्यातून, मराठीत, एका मांग मुलीने. मी या निबंधाला महाराष्ट्रातील स्त्रियांच्या ईश्वरमीमांसेचा आरंभ मानतो. त्यात एकही उसनी संज्ञा नाही. अभ्यासक्रमांत तो ‘दलित साहित्याचा पूर्वरंग’ म्हणून लावला जातो आणि तेथेच सोडून दिला जातो, याचे कारण बहुधा हेच की ईश्वराविषयी विचार करण्याचा अधिकार आपण अजूनही शास्त्र जाणणाऱ्यांकडेच ठेवतो. या अर्थाने रमाबाईंचा पक्ष घेणे आपल्याला सोपे जाते. त्या पंडिता होत्या.

रमाबाई स्वतः मात्र तेथे थांबल्या नाहीत. १८९६–९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो मुली व स्त्रिया केडगावला आणल्या, आणि त्या सर्व जातींच्या होत्या. ‘उच्चवर्णीय’ हे विशेषण या कामातून गळाले ते कोणा परदेशी मैत्रिणीच्या आग्रहाने नव्हे, दुष्काळाने. आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर केले. प्रचलित मराठी बायबलची भाषा त्यांना संस्कृतप्रचुर आणि वेदान्ताच्या छायेची वाटत होती; कमी शिकलेल्या स्त्रीला वाचता यावे असे मराठी त्यांना हवे होते. वाङ्मयीन दृष्टीने हे भाषांतर पुष्कळ ठिकाणी रुक्ष आहे, आणि संस्कृतचे सारे वैभव हाताशी असलेल्या विदुषीने ते दूर ठेवल्याची हळहळ मराठीच्या अभ्यासकाला वाटल्याशिवाय राहत नाही. पण वाँटेजच्या क्रुसावरील लॅटिन अक्षरांना दिलेला नकार येथे स्वतःच्या संस्कृतलाही लागू झाला आहे, हे लक्षात घेतले म्हणजे त्या रुक्षपणाचा अर्थ लागतो.

५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई निवर्तल्या तेव्हा भाषांतराचे काम हातावेगळे झाले होते. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला. छपाई मुक्ति मिशनच्या स्वतःच्या छापखान्यात झाली आणि खिळे जुळवण्याचे काम तेथील स्त्रियांनी केले. उत्पत्तीचा सोळावा अध्यायही त्यांनीच जुळवला.